अप्पांचं ‘साक झालं’

बिदरकडच्या आमच्या मन्नाएखेळ्ळीच्या हायवेवर सोलापूरची लाल बस येऊन थांबली तेव्हा अप्पा एका ट्रकखाली होते. पंचरचं दुकान आमचं, बस थांबते तिथून वीस पावलांवर. पोरगी पहिल्यांदा मुलूख सोडून पुण्याला नोकरीला निघालीय आणि बाप मागच्या चाकाचे नट सोडवत बसलाय! मायनं दोन हाका मारल्या तसे सरपटत बाहेर आले, हात पँटीला पुसले, पण मला जवळ काही घेतलं नाही, कारण माझा ड्रेस पांढरा होता आणि नवा होता. खिडकीखाली येऊन उभे राहिले आणि विचारलं काय, तर, “बाय, आज काय बरं झालं ते सांग की.”

मला असा संताप आला म्हणता! मांडीवर मायनं बांधून दिलेलं भाकरीचं गाठोडं, आणि ह्यांचं आपलं काय बरं झालं. “कायच न्हाई झालं,” मी फणकारले. “असं कसं? खिडकीची जागा गावली की. साक,” असं म्हणून ते हसले आणि बसच्या पत्र्यावर दोन थापा मारून परत ट्रककडं गेले. मी उमरग्यापर्यंत रडले, आणि त्यात निम्मं रडू रागाचं होतं.

गाववाल्यांनो, तुमच्यातल्या ज्यांनी आमच्याबरोबर गाव सोडलं त्यांना हे सांगावं लागणार नाही, आणि जे तिथंच राहिले त्यांना तर नाहीच नाही, पण आमच्या लेकरांसाठी सांगते. साक म्हणजे पुरे. शब्द कानडी. घरात आम्ही मराठी बोलायचो, दुकानावर ट्रकवाल्यांशी दखनी चालायची आणि बाजारात कानडी, त्यामुळं कुठला शब्द कुणाचा हे आम्ही कधी विचारलं नाही. पण आमच्या घरात ह्या शब्दाला एक खास काम होतं. संध्याकाळी बुद्धाच्या फोटोपुढं मेणबत्ती लावायची, त्रिसरण म्हणायचं, मग ताटं. आणि ताटावरून उठायच्या आधी प्रत्येकानं आज काय बरं झालं ते एक सांगायचं आणि शेवटी साक म्हणायचं. हा अप्पांचा नियम. तो मोडला तर हात धुवायला उठता यायचं नाही.

बरं म्हणजे मोठं काही नको असायचं. उलट मोठं सांगितलं तर अप्पा हसायचे. “आज जॅक सटकला न्हाई. साक,” हे त्यांचं आठवड्यातून दोनदा तरी असायचं. माय म्हणायची, “सरपन वाळकं गावलं, चूल एका काडीत पेटली. साक.” मी एकदा म्हणाले, “गणिताचे गुरुजी आले न्हाईत. साक.” अप्पांनी विचारलं, “कामून आले न्हाईत?” मी म्हणाले, “त्यांला ताप आलाय.” “मग हे धरायचं न्हाई. दुसऱ्याच्या तापावर आपलं बरं मोजायचं न्हाई. दुसरं सांग.” माझं ताट वाळून खडखडीत झालं तरी मला दुसरं काही सुचेना, तेव्हा मायनं हळूच पुंडीच्या, म्हणजे अंबाडीच्या, भाजीकडं बोट दाखवलं आणि मी सुटले.

हा नियम त्यांनी कामून काढला असेल ते मला आत्ता आत्ता कळायला लागलंय. हायवेवरच्या पंचरच्या दुकानात खुशीत कोण येतंय? जो तो वैतागलेला. कुणाला लग्नाला उशीर होतोय, कुणाच्या गाडीत भाजीपाला सडतोय, कुणाची बायको रुसून मागच्या सीटवर बसलीय. चाक खोलेपर्यंत ही माणसं बोलत राहायची आणि अप्पा “व्हय, व्हय” करत ऐकत राहायचे. दिवसभर दुसऱ्यांचा वैताग ऐकलेल्या माणसाला संध्याकाळी ताटावर काहीतरी निराळं ऐकायचं असणार.

पुण्यात आले, कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंगला लागले, लग्न केलं, वाकडला अकराव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. बिदरमध्ये नौबादला मावशीकडं राहून डिप्लोमा करताना मी दोन बादल्या पाण्यात अंघोळ, कपडे आणि भांडी उरकायची. इथं नळ फिरवला की गरम पाणी येतं आणि मी अंघोळ करताना मीटिंगचा विचार करते. गॅस एका बटणात पेटतो. भाकरी करायला बाई येतात, आणि त्यांची भाकरी माझ्यापेक्षा चांगली होते हे कबूल करायला मला तीन वर्षं लागली. बरं किती झालं म्हणून सांगू! पण ताटावर आम्ही तिघं बसायचो तीन मोबाइल घेऊन, आणि साक म्हणायचं कुणाच्या ध्यानात नव्हतं. माझ्याही नाही. कानडी तर अशी आटली की गावी गेल्यावर बाजारात मी बोटं दाखवून खरेदी करायची आणि भाजीवाल्या हसायच्या.

मग माय गेली. सहा महिन्यांत अप्पांच्या छातीत कळ आली, बिदरहून सोलापूर, सोलापूरहून पुणे अशी धावाधाव झाली आणि स्टेंट बसला. डॉक्टर म्हणाले, आता ह्यांना मोठ्या हॉस्पिटलच्या जवळ ठेवा. मी एकुलती एक. विचारायचं काय त्यात? दुकानाची किल्ली चुलतभाऊ दिलीपअण्णाच्या हातात दिली आणि अप्पांना घेऊन आले. त्यांनी एक सदरा जास्तीचा घेतला आणि हवा मोजायचं मीटर घेतलं. मी म्हणाले, “अप्पा, ते कशाला?” म्हणाले, “असू दे की.”

अप्पा आल्यावर मी जिद्दीनं तो जुना नियम चालू केला. मोबाइल हॉलमध्ये, ताटं टेबलावर, आणि सगळ्यांनी एक एक बरी गोष्ट सांगायची. माझी लेक मैत्री तेव्हा बारा वर्षांची होती, तिनं आधी डोळे फिरवले, पण पुढं सांगायला लागली. नवरा तर रोज ट्रॅफिकवरच बोलायचा, आज अमुक चौकात सिग्नल हिरवा मिळाला वगैरे. आणि अप्पा? पहिले काही दिवस ते नीट सांगायचे. नातीनं पेपर वाचून दाखवला, साक. खाली फिरायला जागा चांगली हाय, साक.

त्याच सुमाराला सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज आला. कुणी अनोळखी म्हातारे पार्किंगमध्ये गाड्यांना हात लावत फिरतात, सिक्युरिटी काय करतेय. खाली फोटो. फोटोत माझे अप्पा, एका पांढऱ्या गाडीच्या चाकाशी वाकलेले, अंगठ्यानं टायर दाबून बघत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी ग्रुपवर माफी मागितली, ओळख करून दिली, आणि वर येऊन अप्पांना म्हणाले, “अप्पा, लोकांच्या गाड्यांना हात लावू नका हो. इथं चालत नाही तसं.” ते म्हणाले, “हवा कमी हाय त्यात. पोरंबाळं बसतेत.” मी म्हणाले, “असू दे. ते बघतील त्यांचं.” बरं म्हणाले. भांडले नाहीत, रुसले नाहीत. मला वाटलं, समजलं त्यांना.

त्यानंतर ताटावर अप्पांचं बोलणं आटोपशीर झालं. त्यांची पाळी आली की ते एवढंच म्हणायचे, “माझं साक झालं, बाय.” आणि हात धुवायला उठायचे. मला किती भरून यायचं म्हणून सांगू! वाटायचं, आता ह्यांना एकेक वेगळं सांगायची गरजच उरली नाही, सगळंच भरून पावलं. मी नवऱ्याकडं बघायची, आणि आपण बापाला सुखात ठेवलंय ह्या विचारानं रात्री मला छान झोप लागायची.

आणि हे एवढ्यावर थांबलं असतं तरी बरं होतं. आमच्या कंपनीत एक आठवडा निघाला, ग्रॅटिट्यूड वीक म्हणून. एचआरच्या मुलीनं सगळ्यांना एकेक सुंदर वही वाटली, रोज तीन गोष्टी लिहा म्हणाली. मला कसला चेव चढला! मी मीटिंगमध्ये उभी राहून आमचं ताट, आमचा नियम, आमचे अप्पा असं सगळं सांगितलं, आणि शेवटी सांगितलं की पंचाहत्तरीला आलेला माझा बाप आता रोज फक्त दोन शब्द म्हणतो, साक झालं. दोघीतिघींच्या डोळ्यांत पाणी आलं. एचआरच्या मुलीनं तर मला मिठीच मारली, आणि पंधरा दिवसांत ते दोन शब्द छापलेले पांढरे कप सगळ्या टीमला आले. देवनागरीत, सुरेख वळणदार अक्षरात, खाली एक छोटं कमळ. मला चार जास्तीचे दिले.

मी कप घरी आणला आणि अप्पांपुढं धरला. त्यांनी चष्मा लावून वाचलं, आणि जे हसायला लागले! खोकला येईपर्यंत हसले. डोळे पुसले. “हे तुमच्या हापिसात सगळ्यांला दिलेत?” मी म्हणाले, “सगळ्यांना. मॅनेजरसुद्धा ह्यातच कॉफी पितात.” त्यावर परत हसले. म्हणाले, “मग बरोबरच हाय.” मी फोटो काढला त्यांचा, कप हातात घेऊन हसतानाचा. तो फोटो तुमच्यातल्या बऱ्याच जणांना मी पाठवला होता, आणि तुम्ही हात जोडल्याची चित्रं पाठवली होती. तुमच्यातल्या एकालाही कळलं नाही का हो? का कळलं आणि गप्प बसलात?

सांगितलं ते शरणप्पांनी. शरणप्पा आमच्या गेटवर सिक्युरिटीत आहेत, गाव कानडी मुलखातलं अफजलपूर, पन्नाशीचे गृहस्थ, शाळा सोलापुरात मराठीतून झालेली. अप्पा रोज सकाळ-संध्याकाळ त्यांच्या केबिनशेजारी खुर्ची टाकून बसायचे. एका रविवारी सकाळी मी दूध आणायला गेले तेव्हा त्यांच्यासाठी एक कप घेऊन गेले, म्हटलं आपला माणूस आहे, त्याला गंमत वाटेल. त्यांनी कप फिरवून वाचला आणि माझ्या तोंडाकडं बघितलं.

“अक्का, हे कामून छापलाव?”

मी त्यांना तीच गोष्ट सांगितली, मीटिंगमधली. ते ऐकत होते, पण हसत नव्हते. मग म्हणाले, “अक्का, नुसतं साक म्हंजे पोट भरलं, बरं हाय. पण साक झालं म्हंजे? ननग साकागेद, म्हनतो की न्हाई आपुन? जीव विटला म्हंजे. कट्टाळा आला. अप्पा हितं बसून मला बी तेच म्हनतेत रोज. मला वाटलं तुमाला ठावं हाय.”

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. कानडी जाऊ द्या हो, मराठीत तरी काय निराळं आहे? पुरे झालं असं कुणी म्हणालं तर तो माणूस काय सुखानं म्हणतो? पण घरातल्या त्या एका गोड शब्दाची मला अशी सवय लागली होती की त्याच्या मागं झालं लागलेलं मला ऐकूच आलं नाही. चार महिने बाप रोज माझ्या ताटावर बसून मला जीव विटला म्हणत होता, आणि मी ते कपावर छापून वाटलं!

दूध तसंच हातात घेऊन मी वर गेले. अप्पा बाल्कनीत होते. मी सरळ विचारलं, “अप्पा, तुम्हाला इथं कंटाळा आलाय?”

“न्हाई गं. कसला कट्टाळा?”

“शरणप्पांनी सांगितलं मला. साक झालंचा अर्थ.”

त्यांनी खालच्या पार्किंगकडं बघितलं. मग म्हणाले, “तू इतकं करायलीस बाय. औषध येळंवर, नात गोड, जावईबापू एका शब्दानं दुखवत न्हाईत. तुला कसं सांगू? अन ताटावर बरंच सांगायचं असतंय, ते बी मीच शिकिवलेलं. मग मला जे खरं होतं ते मी म्हनलो, तुला जे पायजे ते तू ऐकलीस. दोघांचं बी भागलं.”

“पण त्रास कशाचा होतोय, ते तरी सांगा.”

“हितं कुनाचं कायच मोडत न्हाई. मोडलं तर नवं आणतेत. माझ्याजवळ येऊन कोन थांबंल अन कामून थांबंल?”

मी म्हणाले, “आणि गावाला काही झालं म्हणजे? मोठं हॉस्पिटल कुठं आहे तिथं? बिदरला पोचेपर्यंत...” अप्पा म्हणाले, “हितं बी व्हायलंय की मला. दिसत न्हाई तुला, एवढंच.”

मी लहान पोरासारखी रडले. रडता रडता एक विचारलं, जे विचारायची भीती वाटत होती. “माय रोज साक म्हणायची. ती कुठलं म्हणायची?”

“दोनी म्हनायची,” अप्पा म्हणाले. “तू ल्हान होतीस, तुला गोडच ऐकू यायचं. तू झोपल्यावर दुसरं मी ऐकायचो.”

महिनाभर नवरा आणि मी डॉक्टरांशी बोललो, भांडलो, परत बोललो. डॉक्टर म्हणाले, धोका आहे, पण मी जबरदस्ती करणार नाही. शेवटी मी अप्पांना मन्नाएखेळ्ळीला सोडून आले. मोठ्या मनानं सोडलं असं काही नाही, भीत भीत सोडलं. दिलीपअण्णाच्या भिंतीवर बिदरच्या दवाखान्याचा नंबर मोठ्या अक्षरात लिहिला, गाडीवाला ठरवला, जिभेखाली ठेवायची गोळी कुठल्या खिशात असते ते त्याच्या बायकोला तीनदा दाखवलं. दुकान आता दिलीपअण्णा चालवतो. अप्पा पुढच्या बाकावर बसतात, चाकांना हात लावायची त्यांना मनाई आहे आणि ते लावतात. वैतागलेली माणसं चाक होईपर्यंत त्यांच्याशेजारी बसून बोलतात. फोन केला की मागून हॉर्न ऐकू येतात, आणि “दादा, जल्दी करो” असं कुणीतरी ओरडत असतं. त्यांची छाती परत दुखेल तेव्हा मी चारशे किलोमीटरवर असेन, हे मला रोज सकाळी आठवतं. त्यावर माझ्याकडं उपाय नाही.

मध्यंतरी ऑफिसात माझं फार बिनसलं होतं. संध्याकाळी अप्पांना फोन केला आणि सवयीनं सुरू केलं की आज बरं काय झालं तर. अप्पांनी मध्येच तोडलं. “ते ऱ्हाऊ दे. आवाज असा कामून यायलाय? कशाचा वैताग आला ते सांग आधी.” मी पार्किंगमध्ये गाडीत बसून पाऊण तास बोलले. ते “व्हय, व्हय” करत होते. इतकी वर्षं ते वाटेनं जाणाऱ्या कुणाचंही ऐकत आले, आणि त्यांच्या पोरीनं मात्र त्यांना सगळं बरंच सांगितलं होतं.

गेल्या आठवड्यात जेवायला बसलो होतो. मैत्रीची पाळी आली आणि ती वरणात चमचा फिरवत बसली. मी म्हणाले, “काय गं, काहीच नाही?”

“आई, मला कंटाळा आलाय. शाळेचा, क्लासचा, तुझ्या ह्या प्रश्नाचापण.”

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. केवढं चांगलं चाललंय आपलं, असं म्हणू नये, दुसरं सांग. ते मी गिळलं. ताट बाजूला सारलं आणि म्हणाले, “सांग.”

तिला आधी खरं वाटलं नाही. मग सांगायला लागली. तिच्या मैत्रिणींनी तिला ग्रुपमधून काढून टाकलं होतं, आणि तीन महिन्यांपासून ती शाळेत डबा एकटी खात होती. तीन महिने! म्हणजे अप्पा इथं होते तेव्हापासून. तेव्हापासून रोज ती ह्याच ताटावर बसून आम्हाला एक बरी गोष्ट शोधून सांगत होती, आणि मी तिला शाबास म्हणत होते.

घर कुठलं असं विचारलं की मी आजवर मन्नाएखेळ्ळी सांगायची, आणि वाकडचं नुसतं पत्त्यापुरतं. त्या दिवशी नवऱ्यानं वरण परत गरम केलं, आणि मैत्री रडत, शिव्या देत, मध्येच हसत बोलत राहिली. जिथं भरल्या ताटावर बसून मला कंटाळा आलाय असं म्हणता येतं आणि कुणी गप्प करत नाही, ते घर. वाकडचा फ्लॅट घेऊन आम्हाला अकरा वर्षं झालीत, आणि मी त्यात राहायला गेल्या आठवड्यात आले.